सहाव्या रिळातला स्वार

१

गुरुवारी सकाळी सात वाजता ओरिन स्टॉडर्डचा फोन आला. “विनी, शेवटचं रीळ जळालं. ये,” एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

सेज फोर्क गावापासून स्टॉडर्ड रँच अकरा मैलांवर आहे. त्या अकरा मैलांत मी एकच आकडा मनात घोळवत होते. तळघरातलं तापमान. थर्मामीटर मीच लावला होता आणि मंगळवारी त्यात सेहेचाळीस अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम आठ सेल्सियस, दिसत होते. आमच्या वायोमिंगमध्ये एवढ्या थंडीत लोक कोटसुद्धा घालत नाहीत, हे खरं. पण एवढ्या गारव्यात फिल्म आपोआप पेटत नाही, हेही तितकंच खरं.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी दोन वर्षांपूर्वी गावी परत आले. तालुक्यातल्या विहिरींचं पाणी तपासणं हे माझं काम. तीन आठवड्यांपूर्वी ओरिनने रँचवरचं जुनं बर्फघर पाडायला घेतलं. पूर्वी हिवाळ्यात नदीचा बर्फ कापून त्यात लाकडाच्या भुशाखाली पुरून ठेवत. तळाच्या भुशात त्याला सहा गोल डबे सापडले. ‘रसायनं कळणारं’ माणूस गावात मीच, म्हणून त्याने मला बोलावलं.

डब्यांत ‘दोन कुरणांच्या मधे’ हा मुका चित्रपट होता. १९२१ च्या जूनमध्ये तो याच रँचवर काढला होता. कॅलिफोर्नियाची एक कंपनी आली, तीन आठवडे राहिली, शेजारच्या रँचच्या मुकादमावर जीव जडलेल्या एका मुलीची गोष्ट चित्रित करून निघून गेली आणि वर्षाभरात बुडाली. त्यानंतर बासष्ट वर्षं तो चित्रपट कुणाच्याही नजरेस पडला नाही. अभ्यासकांच्या यादीत त्याच्यापुढे ‘हरवलेला’ असं लिहिलेलं होतं. नाताळची भेट म्हणून कंपनीने एक प्रत रँचच्या मालकाला पाठवली होती. असली फिल्म घर पेटवते असं म्हाताऱ्या स्टॉडर्डला कुणीतरी सांगितलं. त्याने ती बर्फात पुरली आणि कुणाला न सांगताच तो गेला.

त्याची मुलगी मिस अदेलिया आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिची गोष्ट आमच्या शाळेत दर वर्षी सांगितली जाते. नायिकेचं काम करणाऱ्या बाईला घोड्यावर धड बसता येत नव्हतं, म्हणून शेवटच्या दौडीसाठी तिचा झगा घालून अदेलिया बसली. घोडा उधळला. ती खाली आली, पण पाय रिकिबीत अडकला आणि घोडा तिला फरफटत घेऊन निघाला. तेव्हा एका स्वाराने भरधाव घोड्यावरून फास टाकून तो अडवला. कॅमेरा चालूच होता. कंपनीने तोच प्रसंग चित्रपटाचा शेवट म्हणून ठेवला. अदेलिया शुद्धीवर आली तेव्हा तिचं डोकं ल्यूथर प्रूइट नावाच्या टेक्ससहून आलेल्या गड्याच्या मांडीवर होतं. ऑगस्टमध्ये त्यांचं लग्न झालं. तीन वर्षांनी न्यूमोनियाने ल्यूथर गेला. शाळेच्या भिंतीवर त्या प्रसंगाचं मोठं चित्र आहे. त्यातला ल्यूथर फारच देखणा आहे.

आदल्याच दिवशी, बुधवारी, मी मिस अदेलियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कॅस्परला नेलं होतं. तिच्या नजरेचा मधला भाग विझत चालला आहे. कडेचं दिसतं. “पहिल्या बर्फापर्यंत टिकेल,” डॉक्टर म्हणाले. सोमवारी फिल्म संग्रहालयाची गाडी येऊन रिळं नेणार होती. नवी प्रत निघायला दोन वर्षं. तिच्या हातात फक्त शनिवार होता, आमच्या गावच्या जुन्या थिएटरातला एक खेळ.

परतताना गाडीत ती म्हणाली होती, “सहावं रीळ तेवढं दिसू दे, पोरी. त्या स्वाराला एकदा नीट बघायचंय. मग डोळे गेले तर गेले.”

आता ती व्हरांड्यात उभी होती. तळघराच्या दारापाशी काळा पडलेला डबा आणि त्यात जळका गोळा होता.

“तेच का गं?” तिने मान एका बाजूला वळवून विचारलं. “मला नीट दिसत नाहीये.”

मी डबा उचलला, नाकाजवळ नेला आणि थबकले. त्याला व्हिनेगरचा वास येत होता.

२

“ओरिन, काडेपेटी दे.”

“आधीच जळालंय. परत जाळणार?” ओरिन साठीचा आहे. मिस अदेलियाच्या भावाचा मुलगा. तक्रार करणं हा त्याचा श्वास आहे.

गोळ्याच्या आत बोटभर तुकडा शाबूत होता. तो चिमट्यात धरून मी काडी लावली. तुकडा वितळला, एक काळा थेंब खाली पडला, पिवळी ज्योत जरा रेंगाळली आणि विझली.

“दोन आठवड्यांपूर्वी याच अंगणात मी काय दाखवलं होतं?”

ओरिनची हनुवटी हळूहळू खाली आली. त्या दिवशी मी पहिल्या रिळाच्या टोकाचा नखाएवढा कोरा तुकडा पेटवून पाण्याच्या बादलीत बुडवला होता, आणि तो पाण्याखालीही जळत राहिला होता. जुन्या फिल्ममध्ये प्राणवायू तिचा तिच्यातच असतो. ती भडकली की विझत नाही आणि मागे असा गोळा राहत नाही. रिळं विकत घ्यायला आलेला व्होस आणि थिएटरवाला स्टॅव हे दोघं तेव्हा तिथेच उभे होते. ओरिनने तर मागे उडी मारली होती.

“म्हणजे हे...”

“ही नव्या जातीची फिल्म आहे. पन्नास सालानंतरची, व्हिनेगरचा वास तिचाच. कुणीतरी डब्यातून आपलं रीळ काढलं, त्यात दुसरंच काहीतरी जाळलं, आणि रीळ नेलं.”

मिस अदेलियाने कठडा घट्ट धरला. “म्हणजे आहे? कुठेतरी आहे ते?”

“आहे,” मी म्हणाले. शास्त्र शिकलेल्या माणसाने एवढ्या खात्रीने बोलू नये. पण तिच्या त्या चेहऱ्यासमोर ‘बहुधा’ म्हणणं मला जमलं नाही.

तळघरात उरलेली पाच रिळं जागच्या जागी होती. ती ज्या भुशाच्या पेटीत ठेवली होती, त्यातला बराच भुसा मात्र कमी झाला होता. दारापासून भुशाची एक बारीक रेघ निघाली होती. ती गवतातून कुंपणाच्या तारेच्या गेटपर्यंत गेली, गेटच्या पलीकडे आणखी दहा पावलं गेली आणि ओढ्याकाठच्या दगडांत हरवली. तिथून एक वाट हमरस्त्याला जाते, एक वरच्या कुरणाला.

मी गेटपाशी बराच वेळ उभी राहिले. दोन गोष्टी विचित्र होत्या. चोराने रिळासोबत भुसा नेला होता, म्हणजे ते गार राहावं याची त्याला काळजी होती. चित्रपट नाहीसा करायला आलेला माणूस असं करत नाही.

आणि गेट बंद होतं.

३

एमरी व्होस गावातल्या मोटेलमध्ये उतरला होता. जुने चित्रपट गोळा करणारा, लॉस एंजेलिसचा. बूट इतके स्वच्छ की बघून संकोच वाटावा. तो बुधवारी दुपारी रँचवर जाऊन आला होता, हे त्याने स्वतःच सांगितलं.

“सहाच्या सहा विकत मागितली मी. ओरिनसाहेब म्हणाले, आत्याला विचारा. आत्याबाई तुमच्याबरोबर गावाला गेलेल्या. परत आलो.”

“आणि एक रीळ घेऊन आलात?”

तो हसला, पण त्याला राग आला होता. “बाई, शेवटाशिवाय पाच रिळं आणि पाचांशिवाय शेवट, दोन्ही माझ्या काय कामाचे? शिवाय मी चोरी केली असती तर खोटी राख तरी बरी केली असती. व्हिनेगरचा वास! शी. आमच्या धंद्यात शेंबडं पोरही फसणार नाही.”

“गेलात तेव्हा गेट बंद केलंत?”

“कुठलं गेट?”

मला उत्तर मिळालं. व्होस पहिल्यांदा आला तेव्हा गेट सताड उघडं टाकून गेला होता आणि ओरिनच्या चाळीस गायी हमरस्त्यावर फिरायला निघाल्या होत्या. ओरिन त्याला अजून ‘गेटवाला’ म्हणतो. आमच्याकडे पोराला चालायला आणि गेट लावायला एकदमच शिकवतात. उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर बंद करायचं. ते तारेचं गेट लावणं सोपं नसतं. खांबाला मिठी मारून खांद्याने रेटावं लागतं, तेव्हा कुठे वरची तार अडकते. हातात चोरीचा माल असताना थांबून, माल खाली ठेवून, असलं गेट लावणारा माणूस गुरं राखलेलाच हवा. त्याला आपण गेट लावतोय हे कळलंही नसेल.

स्टॅव्हरोस कानाकिस, आमचा स्टॅव, थिएटरात यंत्राला तेल घालत होता. हा सत्तर वर्षांचा गृहस्थ १९५१ पर्यंत जुनी ज्वालाग्राही फिल्म चालवायचा. त्याची पत्र्याने मढवलेली खोली अजून शाबूत आहे, म्हणून तर खेळ शक्य होता. फिल्म आक्रसून एक टक्क्याच्या आत असेल तर ती या यंत्रातून जाईल, असं त्याने सांगितलं होतं. मी सहाही रिळं मोजली होती. शून्य पूर्णांक आठ.

“मी नेलं? मी?” स्टॅवने तेलाची बुधली आपटली. “बत्तीस वर्षं मी वाट बघतोय असली फिल्म पुन्हा चालवायची! आणि जाळायला मला कुणी शिकवायला हवं का? माझ्या भुवया बघ. ही डावी आहे ना, ती अठ्ठेचाळीस साली गेली ती अर्धीच परत आली.”

“बुधवारी रँचवर गेला होतास.”

“यंत्राचं भिंग दाखवायला. गेटपाशी गाडी उभी केली, हॉर्न वाजवला, ओरिन शिव्या देत आला. ते गेट मी उघडत नाही. एकदा उघडलं होतं, तर त्या गेटनेच मला ढकलून दिलं.”

हे खरं होतं. ते आख्ख्या गावाने पाहिलेलं आहे.

“स्टॅव, नव्या जातीची फिल्म गावात कुणाकडे असेल?”

“कुणाकडे नसेल ते विचार! येणाऱ्या चित्रपटांच्या जाहिरातींच्या पट्ट्या मी फुकट वाटतो. दोरीला बांधून मळ्यात लटकवायच्या. उन्हात चमकतात, पाखरं घाबरतात. अर्ध्या तालुक्याच्या वाटाण्यावर माझे चित्रपट लागलेले असतात.”

मी वहीत दोन नावांवर काट मारली. रँचवर ओरिन उरला. आणि ज्याला मी मोजलंच नव्हतं, असा एक जण.

४

ओरिन गवत बांधायच्या यंत्राखाली आडवा होता. फक्त बूट दिसत होते.

“माझ्यावर संशय घेतेयस ना?” यंत्राखालून आवाज आला. “घे. सगळं वाईट माझ्याच वाट्याला येतं.”

“नाही घेत. तू बादली बघितली होतीस. तो गोळा बघून कुणी फसणार नाही हे तुला माहीत होतं.”

“हे बरं आहे. अक्कल नाही म्हणून नव्हे, अक्कल आहे म्हणून सुटलो!”

“बादलीच्या दिवशी रँचवरचं कोण नव्हतं?”

बूट हलायचे थांबले. “अमोस,” तो म्हणाला. “वरच्या कुरणात होता, गुरांबरोबर. मंगळवारी उतरला. पण विनी, अमोस टिल्डन? अगं, आत्याच्या चुलीला लाकडं कोण फोडतं? साठ वर्षं झाली. मी सांगितलं तर माझ्यावरच ओरडतो. तो कशाला आत्याचं काही नेईल?”

हाच प्रश्न होता. वहीत ‘अमोस’ लिहून मी पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि स्वयंपाकघरात गेले. मिस अदेलियाच्या उजेडाच्या खिडकीत मी पाचवं रीळ हातांनी उलगडलं आणि भिंगाखाली एकेक चौकट बघू लागले. चोराला सहाव्या रिळात काय लपवायचं होतं हे पाचव्यात कळेल, असं का वाटलं सांगता येत नाही. मोजता येण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

गुरांना डाग देण्याचा प्रसंग होता. कंपनीने रँचच्याच गड्यांना कामाला लावलेलं. ल्यूथर ओळखू आला, उंच, पांढरी टोपी. त्याच्या दोराचं मागचं टोक खोगिराच्या पुढच्या खुंटीला पक्क्या गाठीने बांधलेलं होतं. कुंपणावर दुसरा एक तरुण गडी बसून सिगारेट वळत होता, दोन्ही अंगठ्यांनी, सावकाश. नाकावरून ओळखला. अमोस. त्याच्या खोगिराच्या खुंटीला गाठ नव्हती.

“ओरिन!” मी खिडकीतून हाक मारली. “ल्यूथरकाका दोर नेहमी बांधूनच ठेवायचे?”

“टेक्ससचे ना ते! तिकडचे सगळे बांधतात. बैल सापडला की सापडला, नाहीतर आपण मेलो. अमोस नेवाडाचा. ते लोक फास पडल्यावर दोर खुंटीभोवती नुसता वेढतात. हवं तेव्हा सैल सोडता येतो.”

मी पेन्सिल घेतली. भरधाव घोड्याचं वजन हजार पौंड धरलं. दोर खुंटीला बांधलेला असेल तर घोडा एका हिसक्यात थांबतो, कोलांटी खाऊन पडतो, आणि रिकिबीत लटकलेली मुलगी त्याच्याखाली जाते. दोर वेढलेला असेल तर तो खुंटीवर घासत सरकतो. वेग तेवढाच उतरवायचा असतो, पण वेळ दहापट मिळतो. हिसका दहावा हिस्सा.

मिस अदेलिया त्या प्रसंगातून वाचली होती. फक्त डोक्याला खोक आणि खरचटलेली पाठ.

म्हणजे तो फास ल्यूथरचा नव्हता. गणितच तसं सांगत होतं. आणि वेढा घेताना दोर सरकला की कधीकधी खुंटी आणि दोर यांच्यामध्ये वेढणाऱ्याचा अंगठा सापडतो. अमोसला उजवा अंगठा नाही. तो गवत दाबायच्या चरकात गेला, १९२१ च्या उन्हाळ्यात, असं तो सांगतो.

मी धावतच निघाले.

५

अमोसची खोली ओढ्यापलीकडे आहे. समोर वाटाण्याचे चार वाफे, वर आडव्या दोऱ्या ताणलेल्या. दोऱ्यांवर काहीच लटकत नव्हतं. त्यांवर सहा मॅगपाय पक्षी ओळीने बसून आरामात वाटाणे खात होते. मी अगदी जवळ गेले तरी उडाले नाहीत.

“हाकलू नकोस,” अमोस दारातून म्हणाला. पंच्याऐंशी वर्षांचा, वाकलेला, टोपीसकट. “बुधवारपासून त्यांना माझी भीती वाटत नाही. ये. कॉफी सकाळची आहे.”

“आजच्या?”

“सकाळची आहे.”

मी बसले. “अमोस, रीळ कुठे आहे?”

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. पलंगाच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ओढ्याचं पाणी जिथून आत घेतलं होतं त्या दगडी कुंडात पत्र्याची बादली होती. वरपर्यंत भुसा.

“जाळायचं ठरवलं होतं,” तो म्हणाला. “काडीही काढली. मग डबा उघडून टोक उजेडात धरलं. ती होती. बावीस वर्षांची, घोड्यावर. हात होईना. म्हणून पाखरांच्या पट्ट्या जाळल्या. कशावरून ओळखलंस?”

“राख खोटी होती. बाकीच्यांना खरी माहीत होती. आणि गेट लावून गेलास.”

“लावलं का?” त्याला खरंच नवल वाटलं. “हं. लावलं असेल.”

“का, अमोस?”

 ज्या हाताला चारच बोटं होती तो हात त्याने टेबलावर ठेवला.

“घोडा थांबला. ल्यूथरने धावत जाऊन तिचा पाय सोडवला. तिने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, म्हणाली, ‘तू वाचवलंस.’ माझा अंगठा तेव्हा हातमोज्यात सुटा पडला होता, मी त्याच्या नादात. कोण कुणाची चूक दुरुस्त करत बसणार? बघणारे बाकी सगळे फिल्मवालेच; त्यांनी मला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं आणि मग ते गावच सोडून गेले. शरदात परत आलो तर दोघांचं लग्न झालेलं. ल्यूथर सगळ्यांना खरं सांगायला निघाला होता. मी त्याला शपथ घातली.”

“पण आता एवढ्या वर्षांनी...”

“आता जास्तच. ल्यूथर चांगला माणूस होता गं. तीन वर्षंच पुरला. तिच्याकडे त्याचं काय आहे? मूल नाही. फोटो एक, तोही हललेला. ही एक गोष्ट आहे. शनिवारी ती पडद्यावर बघणार, स्वार खुंटीला वेढा घेतोय. गुरांत वाढलेली बाई ती. एका क्षणात कळेल तिला की तो ल्यूथर नाही. डोळे जाता जाता तिने हे बघायचं?” त्याने टोपी काढली. मी त्याला टोपीशिवाय पहिल्यांदाच बघत होते. “जळालं म्हण. तू म्हणालीस तर ऐकतील. शास्त्र शिकलेली आहेस.”

मी बादलीकडे बघत राहिले. बरोबर उत्तर काढायला मी शिकले होते. काढलेल्या उत्तराचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

“विनी टॅगर्ट!” बाहेरून खणखणीत आवाज आला. “गेट उघडं टाकून गेलीस? तुझ्या आईला सांगू का?”

मिस अदेलिया काठी टेकत दारात उभी होती. मी धावत आले होते, आणि गेट लावायचं जन्मात पहिल्यांदाच विसरले होते. ते लावून ती इथवर चालत आली होती. दार उघडंच होतं. तिने किती ऐकलं, हे विचारायची गरज नव्हती. 

६

अमोस उठून उभा राहिला. टोपी घालावी की हातात धरावी हे त्याला कळेना.

“ल्यूथरने मला सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“जायच्या आदल्या दिवशी. ‘अदेलिया, मी फक्त रिकीब सोडवली. फास माझा नव्हता. कुणाचा ते सांगणार नाही, शपथ आहे.’ ताप होता, पण शुद्धीत होता. त्याच्या मनावर ओझं होतं ते. उतरवून गेला बिचारा.” ती खुर्चीत बसली. “एकोणसाठ वर्षं मी शोधतेय, अमोस. वाटायचं, फिल्मवाल्यांपैकी कुणी असेल. कॅलिफोर्नियात कुठेतरी मरूनही गेला असेल. मला ल्यूथरला बघायचं नव्हतं त्या रिळात. त्याचा चेहरा मला पाठ आहे. मला तो स्वार बघायचा होता.”

गाडीतले तिचे शब्द मला आठवले. ‘त्या स्वाराला,’ ती म्हणाली होती. ल्यूथरला नाही. सगळं मोजलं मी, आणि नेमकं तेवढं निसटलं.

“आमच्यावर संशय नाही आला?” अमोसने हळूच विचारलं. स्वतःला ‘आम्ही’ म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

“गवताच्या चरकात गेला म्हणालास ना अंगठा, गाढवा! तीस वर्षं मी त्या चरकाला शिव्या घातल्या. शेवटी ओरिनकडून मोडून घेतला तो!”

“चांगला चरक होता,” अमोस म्हणाला.

शनिवारी दुपारी दोन वाजता स्टॅवच्या थिएटरात आम्ही पाच जण होतो. सहावा स्टॅव, वर त्याच्या पत्र्याच्या खोलीत. यंत्राच्या दिव्याला लागणाऱ्या कार्बनच्या कांड्या आता कुठे मिळत नाहीत. त्या व्होसने आपल्या गाडीतून काढून दिल्या, आणि कशाबद्दल काही मागितलं नाही. ओरिन त्याच्या शेजारी बसला. रँचवरून निघताना गेट लावलं का, एवढंच ओरिनने विचारलं. व्होस म्हणाला, लावलं, आणि शर्टाची फाटकी बाही दाखवली.

अमोस मागच्या रांगेत बसणार होता. मिस अदेलियाने काठीने शेजारची खुर्ची ठोकली. “इथे. डावीकडे.”

पाच रिळं आम्ही हसत बघितली. स्वच्छ चेहऱ्याचा नायक गायीला घाबरत होता आणि ते लपत नव्हतं. ओरिनला आपले आजोबा दिसले, तेव्हा मात्र त्याने एकही तक्रार केली नाही.

मग सहावं लागलं. घोडा उधळला, झगा हवेत उडाला आणि पांढऱ्या धुळीच्या लोटात एक मुलगी फरफटत गेली. डावीकडून एक स्वार आला, टोपी उडालेली. फास पडला. त्याचा उजवा हात खुंटीभोवती फिरला, एकदा, दोनदा. दोर सरकत होता, खुंटीतून धूर निघत होता, आणि घोड्याचा वेग हळूहळू, अगदी हळूहळू उतरत गेला. स्वाराचा चेहरा क्षणभर वाकडा झाला. हात त्याने सोडला नाही. कडेने ल्यूथर पळत आला, पांढरी टोपी, आणि रिकिबीपाशी गुडघ्यांवर बसला. दोघंही एकाच चौकटीत होते.

मी मिस अदेलियाकडे बघितलं. नजरेचा मधला भाग विझला की समोरची वस्तू बघायला तोंड बाजूला वळवावं लागतं. पडदा दिसावा म्हणून ती पूर्ण डावीकडे वळून बसली होती. सगळं रीळभर तिचा चेहरा अमोसकडे होता.

“स्टॅव!” ती ओरडली. “परत!”

“फिल्म गुंडाळायला दहा मिनिटं लागतील!” वरून आवाज आला.

“बासष्ट वर्षं थांबले. गुंडाळ.”

तीनदा बघितलं आम्ही. तिसऱ्यांदा दिवे लागले तेव्हा तिने अमोसचा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. अंगठ्याच्या जागेवरून ती बोट फिरवत होती.

“आभारी आहे, अमोस टिल्डन,” ती म्हणाली. एकेक शब्द नीट उच्चारून, शाळेत पाठ म्हणतात तसा.

अमोसने खाली, बुटांकडे पाहिलं.

“घोडा चांगला होता,” तो म्हणाला.

“असेल. पण अंगठा घोड्याचा नव्हता.”

 अमोसने हात सोडवून घेतला नाही.

पहिला बर्फ त्या वर्षी लवकर पडला. शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात मुलांनी आता दुसरा घोडा काढला आहे. ल्यूथर गुडघ्यांवर आहे, रिकीब सोडवतो आहे, पूर्वीइतकाच देखणा. अमोसचं नाक मात्र त्यांना नीट जमलेलं नाही. मिस अदेलियाला मी तसं सांगितलं, तर ती म्हणाली, “मला जमलेलंच दिसतंय.” आणि लाकडं फोडण्याच्या आवाजाकडे मान वळवली.